राखणदाराची चव

कोकणातून परत आलं की जो तो विचारतो, "काय काय खाल्लंत?" या वेळचं माझं उत्तर असं: ओल्या काजूंची उसळ, कोवळ्या फणसाची भाजी, नारळाच्या रसात बुडवलेले घावणे, भरपूर कोकम सरबत, आणि एका देवाला जीभ लावून आले. शेवटचं ऐकून ऐकणाऱ्याचा चेहरा असा काही होतो की मला राहवत नाही, आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते. दहा जणांना दहा वेळा सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

मी मूळची कोल्हापूरची, नोकरीने पुण्याची. नोकरीतली पहिली निम्मी वर्षं मी झऱ्यांचं पाणी बाटल्यांत भरत हिंडले. पाण्यात कोणतं मीठ किती, कोणता वायू किती, यावरून खाली जमिनीत काय शिजतंय ते ओळखायचं, हे माझं काम. पुढे आमचे सर एकदा म्हणाले, "अगं, पाणी चुगली करतं, पण फार उशिरा करतं. थेट जमिनीलाच कान लाव." म्हणून मी रसायनातून उठून भूकंपमापकांकडे आले. सासूबाईंना यात काही मोठा फरक वाटला नाही. त्या शेजारणीला सांगायच्या, "आधी घरात बाटल्या आणायची, आता पेट्या आणते."

माझ्या खोलीत भिंतीवर एक नकाशा आहे. जिथे जिथे आमचं भूकंपमापक बसलं, तिथे मी स्वतः टाचणी टोचली आहे. कोयनेच्या पूर्वेला टाचण्यांची नुसती दाटी. पश्चिमेला, घाट उतरला की रत्नागिरी जिल्ह्यात एक मोठा तुकडा साफ रिकामा. ऑफिसात त्याला 'बाईंचं टक्कल' म्हणतात. अंधारात कुणी हाक मारली आणि ऐकणारे सगळे एकाच बाजूला उभे असले, तर हाक कुठून आली ते नीट सांगता येत नाही. तसंच भूकंपाचं. त्या टकलावर एक यंत्र बसावं म्हणून मी किती वर्षं अर्ज-विनंत्या केल्या ते विचारू नका. शेवटी यंत्र मिळालं तेव्हा माझ्या निवृत्तीला जेमतेम महिना उरला होता, आणि वरून निरोप आला की या फेरीत जागा ठरली नाही तर पेटी दुसऱ्या जिल्ह्याला जाईल. म्हणजे हीच फेरी. नाहीतर नकाशा तसाच टकला ठेवून मी शाल-श्रीफळ घेऊन घरी.

पोफळी

कुंभार्ली घाट उतरताना ऋचा गाडी चालवत होती. ऋचा माझी तरुण सहकारी. माझ्यानंतर सगळं तीच बघणार. पोरगी हुशार आहे, पण अजून कागदावरच्या जमिनीवर तिचा जास्त विश्वास.

पोफळीला कोयना प्रकल्पाच्या वसाहतीजवळ चहाला थांबलो. आमच्या पेट्या बघून चहावाल्याने ओळखलंच. "भूकंपवाले काय? मोठा कधी होनार?" हा प्रश्न मला लग्नकार्यातही विचारतात, त्यामुळे उत्तर तयार असतं. "मला कळलं असतं तर मी इथे चहा पीत बसले असते का?" तो खूश झाला आणि त्याने चहात आणखी आलं घातलं. आमच्या कोल्हापुरात जरा हादरा बसला की महिनाभर तेवढाच विषय चालतो, कुणाचं भांडं पडलं, कोण चड्डीवर बाहेर धावलं. इथली माणसं हातातला कपसुद्धा खाली ठेवत नाहीत. "बारका व्हता," म्हणतात आणि पुढचा घोट घेतात.

तुरळ

वाटेत गरम पाण्याच्या कुंडावर थांबणं माझ्या जुन्या सवयीचा भाग. यंत्रांकडे वळले तरी बाटली सुटलेली नाही. बायकांच्या कुंडात चार-पाच जणी निवांत बसल्या होत्या. मी साडी खोचून काठावर उकिडवी बसले, पाण्यात मोजमापाची कांडी घातली आणि आकडे वाचायला लागले. त्यातल्या एका जाडजूड बाईंना ते बघवेना.

"ओ बाय, पान्याला काय इचारता? आत या की! आंग मोकळं व्हईल."

"कामावर आहे हो."

"मंग त्या कांडीनं माझा बीपी बघा."

मी म्हटलं, ही कांडी फक्त पाण्याचा बीपी बघते. तर त्या म्हणाल्या, "पान्याचा वाढलेलाच असनार, येवढं तापलंय." त्याच वेळी माझा पाय शेवाळावरून सटकला आणि मी कांडी-बाटलीसकट कुंडात. सगळ्या जणी इतक्या हसल्या की पाण्याला लाटा आल्या. आत गेलेच आहे तर म्हणून मी बसून घेतलं. गुडघे खरंच मोकळे झाले. नमुना मात्र फुकट गेला, कारण त्यात आता माझ्या साडीची खळ उतरली होती.

गाव

गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर उद्या देशभरचे भूगर्भवाले तिथे दगड चाटायला जातील.

संगमेश्वरच्या बाजूला आत, वर सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार, आणि खाली भातखाचरं, असं ते गाव. शिमगा नुकताच आटोपला होता. पुरुष मंडळी पालखी नाचवून मुंबईला परतलेली, घरांना पुन्हा कुलपं. आमची उतरायची सोय सुलभावहिनींकडे होती. या वहिनी गावात आल्या-गेल्याला जेवण करून घालतात आणि गावाची कोणतीही बातमी त्यांच्या अंगणातून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. पहिल्याच जेवणात त्यांनी ओल्या काजूंची उसळ वाढली. आमच्याकडे काजू म्हणजे दिवाळीत पाहुण्यांसमोर मोजून ठेवायची वस्तू. इथे वाटीभर काजू भाजीसारखे समोर! मी कोल्हापूरकर असूनही तिखट मागितलं नाही, यातच काय ते समजा.

आता जागेचा प्रश्न. आमच्या यंत्राला पक्का खडक लागतो. सडा सगळा जांभ्याचा, आणि जांभा भोकाभोकांचा, मऊ. त्यावर बसवलं तर यंत्राला भूकंपापेक्षा स्वतःचंच डुलणं जास्त ऐकू येतं. हवा काळा फत्तर. दुपारभर वणवण केल्यावर तो मिळाला कुठे, तर ग्रामदेवतेच्या देवळामागच्या देवराईत. गार सावली, रस्ता लांब, माणसांचा वावर नाही. एका आईनाच्या झाडाच्या मुळाशी गुडघाभर उंचीचा सुंदर काळा दगड जमिनीतून वर आलेला. माझं मन हरखून गेलं.

आमच्या धंद्यात एक सवय असते. दगड ताजा आहे की आतून कुजलाय, चिकणमाती झालीय का, हे बघायला आम्ही त्याला जीभ लावतो. माती झालेला दगड जिभेला धरतो, पक्का धरत नाही. शिवाय ओला झाला की त्यातले कण चमकून दिसतात. मी इकडेतिकडे न बघता वाकले आणि त्या दगडाला जीभ लावली. अजिबात धरली नाही. नंबर एक खडक! तेवढ्यात ऋचा दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, त्याच्या मागे नारळ आहे. आणि विडी."

मागे खरोखरच फोडलेला नारळ, जळकी उदबत्ती आणि एक न पेटवलेली विडी ठेवलेली होती. आणि त्याच्याही मागे, पायवाटेवर, डोक्यावर काजूबोंडांची टोपली घेऊन सुलभावहिनी उभ्या होत्या.

"अगो बाय," त्या म्हणाल्या, "ह्यो राखनदार आमचा."

राखणदार म्हणजे गावाच्या सीमेचा रक्षक. त्याला मूर्ती नाही, शेंदूर नाही, नुसता दगड. मला कसं कळणार? पण वहिनींची टोपली माझ्याआधी गावात पोचली, आणि चहाच्या वेळेपर्यंत वाडी-वाडीत झालं होतं की पुण्याच्या बाईनं देव चाटला.

पहिला कौल

देवराईतल्या कुठल्याही कामाला देवीची परवानगी लागते, आणि ती घ्यायची तर कौल लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात माणसं जमली. बाळा गुरव, देवीचे पुजारी, काटकुळे, डोळ्यांत कायम थोडं हसू. आणि आबा, गावचे मानकरी, पालखीचा पहिला मान त्यांचा. भारदस्त देह, दुखरा गुडघा, आवाज सड्यापर्यंत जाणारा. मी डॉक्टर आहे कळल्यावर त्यांनी आधी गुडघाच पुढे केला.

"आबा, मी दगडांची डॉक्टर."

"म्हून चाटून बघता व्हय? नाडी नसंल त्यास."

सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. मागे एकदा सड्यावर भोकं पाडायला माणसं आली. म्हणाली, पाणी बघतोय. चहा प्यायली, आंबे खाल्ले, गोड बोलून गेली. मग आबांच्या काजूच्या बागेत एक दिवस खुंट्या मारलेल्या सापडल्या, आणि त्यामागनं जमीन घेण्याची नोटीस. ते प्रकरण अजून मिटलेलं नाही. "यंत्र आलं की मागनं नोटीस येते," आबा म्हणाले. "आनि आननारा कवाच पळालेला असतो."

गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, मंडळींनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ दिली. देवीच्या पाषाणाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडे कोल्हापुरात देवाला नवस बोलतात, पण देवाकडून असं लेखी उत्तर मागायची पद्धत मी पहिल्यांदाच बघत होते. डावी पाकळी पडली. अशी टपकन पडली की शंकेला जागाच नाही.

खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. एवढी वर्षं घालवून मी एका पाकळीजवळ येऊन अडकले होते. आणि मी भांडायला लागले. "गुरवकाका, एकाच वेळी काय कळतं? आमच्यात एक मोजमाप कुणी धरत नाही. निदान तीनदा लावा!"

"देवाला तेच तेच इचारत न्हाय, बाय," गुरव शांतपणे म्हणाले. "प्रश्न बदलाचा. देव नाय म्हनला ना, मंग कशापायी नाय म्हनला ते सोधाचं."

त्यावर गावकी तिथेच बसली. कौल डावा पडला म्हणजे कुणाच्या तरी मनात काहीतरी अडलंय, आणि ते बाहेर येईपर्यंत उठायचं नाही, अशी तिथली रीत. आमच्या संस्थेच्या बैठकांत नेमकं उलटं असतं. मनात अडलेलं कुणी बोलू नये म्हणूनच बैठक घेतात.

पहिला मुद्दा अर्थातच जीभ. "चाटलंत कशाला?" आबांनी सरळ विचारलं. मी म्हटलं, तोंडाने काय सांगू, करूनच दाखवते. देवळाच्या पायरीजवळ जांभ्याचे तुकडे पडले होते. एक उचलला, पदराने पुसला, जिभेला लावला आणि हात सोडला. तुकडा लोंबकळत राहिला. एकच हशा! मग शेजारीच पडलेला वहाळातला, म्हणजे ओढ्यातला, काळा गोटा लावला. तो पटकन पडला. "बघा, हा धरतो तो मऊ, न धरणारा पक्का. तुमचा राखणदार गावात सगळ्यात पक्का निघाला, म्हणून त्याच्या शेजारची जागा मागतेय. त्याला हात लावणार नाही. त्याच्या सोबतीला बसवते."

पुढची दहा-पंधरा मिनिटं त्या देवळात जे चाललं त्याचा फोटो ऋचाने का काढला नाही, हे मी तिला अजून विचारते. गुरव चाटतायत, वहिनी पदराआड चाटतायत, "माझा धरला!" "तुझा शेनात पडलेला, टाक आधी!" आबांनी बराच वेळ दाद दिली नाही. शेवटी कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनीही एक तुकडा जिभेला लावला, आणि तो इतका घट्ट धरला की ओढून काढावा लागला. आबा चिडून म्हणाले, "भिकारडा फत्तर." पण मिशीखाली हसले. मी बघितलं.

मग मात्र ते गंभीर झाले. "नोटीस येनार न्हाय, लिवून देताव काय?"

मला खोटं बोलता आलं असतं. जीभ वळली नाही. "नाही आबा. ते माझ्या हातात नाही. हे यंत्र जमीन मोजत नाही, जमिनीची धडधड मोजतं, एवढंच मी सांगू शकते."

आबा माझ्याकडे बघत राहिले. "मागल्यांनी लगेच लिवून दिल्यान," ते म्हणाले, आणि त्यांनी गुरवांना पुढे चालवायची खूण केली.

दुसरा कौल

गुरवांनी प्रश्न बदलला. राखणदाराचं काय देणं लागतं? उत्तर गावानेच काढलं: बाईंनी त्याची चव घेतली, आता बाईंनी त्याला चव द्यायची. म्हणजे कोंबडा, आणि तो माझ्या हातचा. माझ्या पेटीत हातोडी, होकायंत्र आणि आईच्या कृतीचा कांदा-लसूण मसाला या तीन गोष्टी कायम असतात. वहिनींच्या चुलीवर मी तांबडा रस्सा केला. वहिनी दोनदा नारळाची वाटी घेऊन आल्या, दोनदा मी परत पाठवली. "गो बाय, नारळाबिगर रस्सा म्हंजे?" म्हणत त्या वड्यांच्या पिठाकडे वळल्या.

राखणदाराला पानावर नैवेद्य दाखवला, आणि मग पंगत. पहिल्या घासाला गुरवांनी डोळे मिटले. दुसऱ्या घासाला वहिनींच्या नाकातून पाणी. आबा घामाने डबडबले, लाल झाले, खोकले. मला वाटलं आता गेलेच. त्यांनी वाटी पुढे केली आणि म्हणाले, "वाढा."

सगळे घाम पुसतच देवळात आले. पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा पाकळ्या. उजवी पडली.

आता ऋचा म्हणते, लावताना गुरवांचा अंगठा डाव्या पाकळीवर जरा जास्त वेळ दाबलेला होता. मी काही बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण एका निरीक्षणावरून मी निष्कर्ष काढत नाही, हे मी सकाळीच सगळ्यांसमोर सांगून बसले होते.

उड्या

राखणदारापासून हातभर बाजूला खड्डा घेतला, यंत्र ठेवलं, झाकलं. चालू झालं की नाही हे तपासायची आमची पद्धत अगदी साधी: शेजारी उडी मारायची आणि लॅपटॉपवर रेघ हलते का बघायची. ऋचा लॅपटॉप घेऊन बसली. जमलेल्या गावकऱ्यांना मी म्हटलं, सगळेच मारा. एक, दोन, तीन! रेघ जोरात हलली, शांत झाली, आणि मग एकटाच एक जाडजूड ठोका उमटला. आबा. दुखऱ्या गुडघ्यामुळे उशिरा.

"माजा येगळा का?"

"आबा, तुम्ही सगळ्यांच्या मागून येता."

त्यांनी पुन्हा मारायला लावली. पुन्हा तेच. सगळ्यांची एक झुंबड, आणि मागून आबा. तिसऱ्यांदा ते स्वतःच हसायला लागले. "आनि ह्ये पुन्यात दिसतं?"

"लगेच दिसतं. पण उगाच उड्या मारू नका हं, माझी माणसं भूकंप समजून धावतील."

"तुमी बगनार काय?"

"महिनाअखेरपर्यंत. मग मी निवृत्त."

आबांचं हसू गेलं. "म्हंजे तुमीबी बसवून पळनार."

मी काहीतरी बोलले, ऋचा आहे, फोन नंबर आहे, वगैरे. ते मान हलवत निघून गेले. परतताना रत्नागिरीत उत्तम सुरमई खाल्ली, पावसला आंब्याची पेटी घेतली, गणपतीपुळ्याला समुद्रात पाय बुडवले, आणि कशातच लक्ष लागलं नाही. टकलावर टाचणी लागली होती, पण आबांचं वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचत होतं.

पुणे

निरोपाच्या दिवशी भाषणं झाली. माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले की मला वाटलं, मी गेलेच. शाल अंगावर, नारळ हातात, समोर बटाटेवडे, आणि ऋचा धावत आली. "मॅडम, टक्कल हललं!"

नारळासकट मी यंत्रांच्या खोलीत गेले. पडद्यावर ताजी रेघ. तिथे पाळीवर बसलेला मुलगा म्हणाला, "भूकंप नाही मॅडम. गुरं असतील. नॉईज म्हणून खूण करतो."

मी म्हटलं, थांब. एक झुंबड, शांतता, आणि मागून एकटाच जाडजूड ठोका. पुन्हा झुंबड, पुन्हा मागून तोच. तिसऱ्यांदाही तसाच, जरा जास्तच उशिरा. माझे हुंदके कुणाला ऐकू जाऊ नयेत म्हणून मी शाल तोंडाला लावली, पण ऋचाचंही तेच चाललं होतं.

मी गुरवांना फोन लावला. तिकडे नुसता कल्ला. मागून सड्यापर्यंत जाणारा आवाज आला, "इचारा, इचारा, माजा येगळा दिसला काय?"

"दिसला आबा," मी ओरडले. "सगळ्यात उशिरा."

फोन त्यांनी हिसकावून घेतला असावा. धाप लागली होती. "पळालीस न्हाय ना?"

"नाही आबा. आता मोकळीच आहे. पुढच्या आठवड्यात येते."

"ये. मसाला आन," आबा म्हणाले. "आनि राखनदाराला लांबनं हात जोडायचे. चाटायचं न्हाय."